त्या दोघांची नावे पोपो आणि नाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’ या लढतीच्या खेळावर प्रसिद्ध झालेला लेख मी दोनदा वाचला. मराठी वृत्तपत्राने व्हिडिओ गेमसाठी अर्धे पान द्यावे, आणि डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो एवढ्यावर न थांबता खेळाच्या घडणीविषयी लिहावे, याचे मला मनापासून समाधान वाटले. मात्र लेखातील एक मत मला पटलेले नाही आणि ते तसेच राहू नये असे वाटते. लेखकाचे म्हणणे असे की, मारिओ, पिकाचू, सॉनिक यांच्यासारखी जगप्रसिद्ध पात्रे हेच या खेळाचे खरे बळ आहे. फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या जुन्या मालिकांतील पात्रे, वस्तू आणि आखाडे ही केवळ संख्या फुगवण्यासाठी केलेली भरती आहे. लेखासोबत छापलेल्या एका चित्रात अंगात जाड लोकरी कपडे आणि हातात लाकडी हातोडे असलेली दोन मुले दिसतात, आणि त्याखाली ‘इतर पात्रे’ एवढाच मजकूर आहे. त्या दोघांची नावे पोपो आणि नाना अशी आहेत. मला ती कळायला वीसहून अधिक वर्षे लागली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी बडोद्याची, दांडिया बाजारात वाढलेली. 1990 नंतरच्या त्या वर्षांत उन्हाळ्याची सुट्टी लागली की आम्ही सगळी भावंडे मामाच्या घरी जमत असू, कारण टीव्हीला जोडायचा गेम फक्त तिथे होता. रावपुऱ्यातील एका दुकानातून दिवसाच्या भाड्याने कॅसेट आणायची, दुपारी जेवणे आटोपून मोठी माणसे आडवी झाली की आवाज बंद करून खेळायचे, आणि संध्याकाळी दुकान बंद होण्याआधी कॅसेट परत करायची, असा क्रम असे. पिवळ्या कॅसेटवर हजारोंचा आकडा छापलेला असायचा. प्रत्यक्षात आत वेगवेगळे असे वीस-पंचवीस खेळ असत आणि बाकीची यादी त्यांचीच पुनरावृत्ती असे. ते यंत्र जपानमध्ये 1983 मध्ये निघालेल्या निन्टेंडो या कंपनीच्या ‘फॅमिकॉम’ची नक्कल होते आणि कॅसेटमधले खेळही त्याच यंत्राचे होते, हे आम्हांला माहीत असण्याचे काही कारणच नव्हते. नक्कल करणाऱ्यांनी पहिल्या पडद्यावरचे कंपनीचे नाव आणि वर्ष पुसून टाकलेले असायचे. पुष्कळदा खेळाचे नावही बदललेले असे. पुढे ग्रंथालयात सूचीकरणाचे काम हाच माझा व्यवसाय झाला, आणि कर्ता नाही, साल नाही, प्रकाशनस्थळ नाही असे पुस्तक हातात आले की होणारी अस्वस्थता मला रोजच्या परिचयाची आहे. पण आमचे बालपण अशाच मुखपृष्ठ फाटलेल्या खेळांवर गेले, हे ध्यानात यायला बराच काळ जावा लागला.

त्या खेळांतला आम्हां सर्वांचा आवडता म्हणजे बर्फाचा डोंगर चढण्याचा. दोघांनी एकत्र खेळायचे, एक निळा आणि एक गुलाबी. डोक्यावरचा बर्फाचा थर हातोड्याने फोडायचा, पडलेल्या भोकातून वरच्या थरावर उडी मारायची, आणि थर फोडत फोडत शिखराकडे जायचे. अखेरच्या टप्प्यात वांगी गोळा करायची आणि सर्वांत वर घिरट्या घालणाऱ्या मोठ्या पक्ष्याचे पाय उडी मारून पकडायचे. असे 32 डोंगर होते. एकाने घाईने वर चढले की पडदा सरकायचा आणि खाली राहिलेल्याचा जीव जायचा. त्यामुळे मामेभाऊ आणि मी यांच्यात जितकी भांडणे झाली, तितकी दुसऱ्या कोणत्याही खेळाने झाली नसतील. आम्ही त्यांना ‘निळा’ आणि ‘गुलाबी’ एवढेच म्हणत असू, कारण दुसरे नाव कोणी सांगितलेच नव्हते.

2019 च्या दिवाळीत भाचा आपला नवा कन्सोल घेऊन घरी आला आणि त्याने ‘स्मॅश’ लावला. पात्रे निवडण्याच्या पडद्यावर त्याचा हात झरझर पुढे सरकत असताना मी त्याला थांबवले. ते दोघे तिथे होते. तेच हातोडे, तेच लोकरी कपडे, आणि खाली नाव होते ‘आइस क्लाइंबर्स’. त्या रात्री मी शोध घेतला, तेव्हा समजले की तो खेळ 1985 चा आहे, निळ्याचे नाव पोपो आणि गुलाबी मुलीचे नाव नाना. आमच्या घरात आजोबांना सगळे नानाच म्हणत, त्यामुळे हे नाव वाचताना मला काय वाटले, ते मराठी वाचकांना वेगळे सांगायला नको. या लढतीच्या खेळात ती दोघे 2001 च्या ‘मेली’ या भागापासून आहेत. खेळणारा एकाला चालवतो आणि दुसरे आपोआप त्याच्यामागे धावते, वार करते, उडी मारते. जोडीदार बाद झाला की एकट्याचे बळ निम्म्याहूनही कमी उरते. मूळ खेळाचा प्राणच हा होता, की दोघांनी बरोबर चढायचे आणि एक मागे राहिला तर दोघांचेही बिघडायचे. तोच येथे लढतीत उतरवलेला आहे. ज्याला हे केवळ संख्या वाढवण्यासाठी करायचे असते, त्याने एवढा त्रास घेतला नसता. आणि तो त्रास खरोखरच मोठा आहे. 2014 मध्ये याच खेळाचा नवा भाग निन्टेंडो थ्रीडीएस या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी आणि वी यू या घरगुती यंत्रासाठी तयार झाला, तेव्हा लहान यंत्राला या जोडीचा भार पेलेना, म्हणून दोन्ही आवृत्त्यांतून ती वगळावी लागल्याचे दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांनी सांगितले होते. 2018 च्या ‘अल्टिमेट’मध्ये पूर्वीच्या प्रत्येक भागातील प्रत्येक लढवय्या परत आणला गेला, तेव्हा ही दोघेही परतली.

त्याच कॅसेटमध्ये ‘डेव्हिल वर्ल्ड’ नावाचा एक खेळ होता. पडद्याच्या वरच्या बाजूला एक निळा सैतान नाचत बोट दाखवी आणि तो दाखवील त्या दिशेला सगळा चक्रव्यूह सरकू लागे; कडेला अडकलेला आपला हिरवा ड्रॅगन भिंतीत चिरडला जाई. शिगेरू मियामोतो यांनी रचलेला हा 1984 चा खेळ त्या काळी अमेरिकेत विक्रीला आला नाही, कारण त्यात क्रूस आणि बायबल ही चिन्हे होती आणि निन्टेंडोच्या तिथल्या शाखेचे धोरण धार्मिक चिन्हे टाळण्याचे होते. म्हणजे जो खेळ अमेरिकेतल्या मुलांना दुकानात कधी दिसला नाही, तो बडोद्यातल्या आम्हां मुलांना पाठ होता! ‘स्मॅश’मध्ये मदतीला बोलावता येणाऱ्या पात्रांमध्ये 2008 पासून हा सैतान आहे. तो कोणावर हात उगारत नाही. तो फक्त बोट दाखवतो आणि पडद्याची चौकटच सरकवतो, त्यामुळे बेसावध लढवय्ये मैदानाबाहेर फेकले जातात. चोवीस वर्षांपूर्वीच्या एका बाजूला पडलेल्या खेळातला नेमका तो एक गुण उचलून तो दुसऱ्या खेळात चपखल बसवणे, यासाठी मूळ खेळ खेळलेला आणि त्यावर विचार केलेला माणूस लागतो.

याच तऱ्हेने ‘क्लू क्लू लँड’मधला काटेरी समुद्री प्राणी येथे फेकायची वस्तू झाला आहे, आणि ‘डक हंट’मधला कुत्रा व बदक ही एकत्र लढणारी जोडी झाली आहे. त्या जोडीच्या वारांमध्ये ‘वाइल्ड गनमॅन’चे बंदूकधारी आणि ‘होगन्स ॲली’चा उडणारा डबाही येतो, म्हणजे पडद्यावर नेम धरायच्या प्रकाशबंदुकीने खेळायच्या सगळ्या जुन्या खेळांची आठवण एकाच पात्रात बांधलेली आहे. ‘बलून फाइट’चा तर आखाडाच आहे, खाली पाण्यात दबा धरून बसलेल्या माशासह. फॅमिकॉमवरच्या त्या खेळाची संगणकीय रचना सातोरू इवाता यांनी केली होती. पुढे याच इवातांनी साकुराईंच्या कल्पनेवरून लढतीच्या या खेळाचा पहिला नमुना सुट्टीच्या दिवशी बसून तयार केला, आणि 2002 मध्ये ते निन्टेंडोचे अध्यक्ष झाले. त्या पहिल्या नमुन्यात कोणतेही प्रसिद्ध पात्र नव्हते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आता ज्या मालिका मी लहानपणी पाहिल्याच नव्हत्या, त्यांच्याविषयी. 1995 मध्ये जपानमध्ये ‘पॅनेल दे पोन’ नावाचा ठोकळे जुळवण्याचा एक सुंदर खेळ निघाला. त्याची नायिका लिप नावाची फुलांची परी होती. पुढच्या वर्षी तो परदेशी गेला तेव्हा पऱ्या काढून टाकण्यात आल्या, त्यांच्या जागी मारिओच्या दुनियेतला योशी आणि त्याची मित्रमंडळी बसवली गेली, आणि खेळाचे नाव ‘टेट्रिस अटॅक’ झाले. लिप जपानबाहेर नाहीशीच झाली. 2001 च्या ‘मेली’मध्ये तिची जादूची काठी ‘लिप्स स्टिक’ या नावाने आली. ती ज्याला लागते त्याच्या डोक्यावर फूल उगवते आणि त्याची शक्ती हळूहळू झिरपत जाते. एवढ्याशा वस्तूने एका पुसलेल्या नायिकेचे नाव जगभरच्या मुलांपर्यंत पोहोचवले. आमच्या कॅसेटवर जे नक्कल करणाऱ्यांनी केले, ते येथे कंपनीने स्वतःच केले होते आणि त्याची थोडीशी भरपाईही स्वतःच केली, असे मला दिसते.

‘फायर एम्ब्लेम’चे उदाहरण तर याहून मोठे आहे. 1990 पासून जपानमध्ये चालत आलेली ही युद्धनीतीची मालिका अकरा वर्षे त्या देशाबाहेर पडली नव्हती. ‘मेली’मध्ये तिचे मार्थ आणि रॉय हे दोन तलवारबाज आले. जपानबाहेरच्या आवृत्तीतून त्यांना वगळावे असा विचार होता, परंतु त्यांना ठेवले गेले आणि ते सर्वत्र जपानीतच बोलत राहिले. रॉयचा स्वतःचा खेळ तर तोवर जपानमध्येही निघाला नव्हता. तो 2002 च्या मार्चमध्ये आला. हे दोघे आहेत तरी कोण, असे कुतूहल परदेशी खेळाडूंमध्ये निर्माण झाले, आणि 2003 मध्ये मालिकेतला एक भाग प्रथमच इंग्रजीत उपलब्ध झाला. आज ‘फायर एम्ब्लेम’ला कोणी अनोळखी म्हणणार नाही. ‘किड इकारस’चा पिट 1991 नंतर नव्या खेळाशिवाय पडून होता, 2008 मध्ये तो ‘स्मॅश’मध्ये लढला आणि 2012 मध्ये साकुराईंनीच त्याच्यासाठी पूर्ण नवा खेळ केला. आपल्या लेखाने ज्यांना भरती म्हटले, त्यांच्यापैकी काहींना याच खेळाने पुन्हा उभे केले आहे.

सर्वांनाच असे भाग्य लाभलेले नाही, आणि मला तर त्यांच्याविषयी अधिक ममत्व वाटते. 1986 च्या ‘नाझो नो मुरासामे जो’ या खेळातील ताकामारू हा सामुराई, 1992 च्या गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावरील एका खेळातील बेडूक होणारा साब्ले देशाचा राजपुत्र, 1993 च्या ‘जॉय मेक फाइट’मधील हातपाय धडाला न जोडलेला सुकापोन हा यंत्रमानव, हे सगळे थोड्या वेळासाठी मदतीला येतात आणि जातात. सुकापोनचे अवयव सुटे दिसतात, यामागे फॅमिकॉमची मर्यादा आहे: एवढी मोठी आकृती सलग हलवणे त्या यंत्राला जड जात असे, म्हणून रचनाकारांनी डोके, हात, पाय वेगवेगळे तरंगत ठेवले. अडचणीतून जन्मलेले ते रूप आज अडचण उरलेली नसतानाही जसेच्या तसे राखले आहे. ‘मिस्टर गेम अँड वॉच’ हे पात्रही असेच. गुनपेई योकोई यांनी 1980 पासून काढलेल्या हातातल्या छोट्या खेळण्यांतील त्या काळ्या आकृतीला येथेही सपाट ठेवले आहे आणि ती अजूनही झटक्याझटक्यानेच हलते. तिचा प्रत्येक वार एकेका वेगळ्या खेळण्यातून घेतलेला आहे: तव्यावरून पदार्थ उडवणे ‘शेफ’मधून, तेल झेलणारी बादली ‘ऑइल पॅनिक’मधून, आकडा दाखवणारा हातोडा ‘जज’मधून. ग्रंथालयाच्या भाषेत सांगायचे तर हे पात्र म्हणजे चालतीबोलती सूची आहे.

खेळांची नोंद ठेवावी लागते, हे बडोदेकरांना नव्याने सांगण्याची गरज नसावी. हुतूतूचे नियम निश्चित करण्यात येथल्या हिंदविजय जिमखान्याने पुढाकार घेतला होता, आणि व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड याच शहरात सिद्ध झाले. ज्या खेळाचे नाव आणि नियम कोणी लिहून ठेवले, तो टिकला. ज्याचे लिहिले गेले नाहीत, त्याबद्दल आज आजीला विचारावे लागते, आणि आजी नसेल तर विचारायलाही कोणी उरत नाही. विजेवर चालणाऱ्या खेळांचे आयुष्य तर लगोरी-विटीदांडूपेक्षाही कमी असते, कारण यंत्र बंद पडले की खेळ संपतो.

हे लिहिताना मी कंपनीची वकिली करत नाही. स्वतःच्या जुन्या मालिकांची आठवण करून देण्यात निन्टेंडोचा व्यापारी लाभ आहे, हे उघड आहे. माझी एक तक्रारही आहे आणि ती आपल्या लेखात असायला हवी होती असे मला वाटते. ‘मेली’मध्ये सुमारे 290 छोट्या मूर्ती जमवायच्या होत्या आणि प्रत्येकीच्या बाजूला ते पात्र कोण, कोणत्या खेळातले आणि केव्हाचे, हे काही ओळींत लिहिलेले असे. पुढच्या भागांतही ही पद्धत होती. ‘अल्टिमेट’मध्ये मूर्तींच्या जागी ‘स्पिरिट’ नावाची 1,000 हून अधिक चित्रे आली, आणि वर्णनाचा मजकूर मात्र गेला. आता चित्र, नाव आणि मालिका एवढेच दिसते. संग्रह चौपटीने वाढला आणि त्यावरच्या चिठ्ठ्या काढून घेतल्या गेल्या, हे माझ्या दृष्टीने मोठे नुकसान आहे. भाच्याने मला ताकामारूविषयी विचारले, तेव्हा त्याला सांगायला खेळात एक ओळही नव्हती. ती मी बाहेरून शोधून सांगितली.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. आठवण जागी झाली, तरी मूळ खेळ मिळवायचा कुठून? ताकामारूचा खेळ 28 वर्षांनी, म्हणजे 2014 मध्ये, थ्रीडीएसच्या ऑनलाइन दुकानातून जपानबाहेर आला. ते दुकान 27 मार्च 2023 रोजी बंद झाले. मार्थचा 1990 चा पहिला खेळ डिसेंबर 2020 मध्ये प्रथमच इंग्रजीत आला आणि मार्च 2021 च्या अखेरीस विक्रीतून काढून घेतला गेला. शिगेसातो इतोई यांचा ‘मदर 3’ हा खेळ 2006 मध्ये फक्त जपानमध्ये निघाला. त्याचा नायक लुकास दोन वर्षांनी ‘स्मॅश’मधून जगभर पोहोचला, आणि त्याच वर्षी त्या खेळाच्या चाहत्यांनी स्वतः इंग्रजी भाषांतर पूर्ण करून वाटले. 2023 मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकन संस्थेने केलेल्या पाहणीत असे आढळले की, 2010 पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के तेव्हा बाजारात रीतसर विकत मिळत नव्हते. पुस्तकांच्या बाबतीत असे झाले असते, तर आपण अग्रलेख लिहिला असता.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, लेखासोबतच्या चित्राखालचा मजकूर दुरुस्त करून पुढील अंकात पोपो आणि नाना ही नावे, ‘आइस क्लाइंबर’ हे खेळाचे नाव आणि 1985 हे वर्ष छापावे. दुसरी, यापुढे आपल्या पुरवणीत कोणत्याही व्हिडिओ गेमचे चित्र येईल तेव्हा चित्रपटाच्या किंवा पुस्तकाच्या चित्राखाली देता त्याप्रमाणे कर्ता आणि साल द्यावे. तिसरी विनंती वाचकांसाठी आहे आणि ती आपल्यामार्फत पोहोचावी. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर आणि महाराष्ट्रातल्या कित्येक घरांच्या माळ्यावर त्या पिवळ्या कॅसेट अजून असतील. त्या भंगारात देण्याआधी आत कोणते खेळ आहेत, कोणती नावे बदललेली आहेत, त्या कोणत्या सालाच्या सुमारास आणि कुठून घेतल्या होत्या, हे आठवेल तेवढे लिहून आपल्या पत्त्यावर पाठवावे. पत्रे आली तर ती वर्गवार लावून त्यांची सूची करून देण्याचे काम मी आनंदाने आणि विनामोबदला करीन. मामेभावाकडे दोन कॅसेट निघाल्या आहेत. त्यांची नोंद सोबत जोडली आहे.

आपली नम्र,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवला आहे, तो छापू नये ही विनंती.)